मुलीचा टाइप वन, शाळेची सहल आणि "कुणाला सांगू नका"

शेंगाचटणी | १२ नोव्हेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

माझी मुलगी ८ वर्षांची, तिसरीत आहे. गेल्या वर्षी श्रावणात तिला टाइप वन डायबिटीस निघाला. आम्ही बार्शीला राहतो, घरात मी, नवरा, सासूबाई आणि धाकटा ४ वर्षांचा. घराण्यात कुणाला लहानपणी शुगर नव्हती, हे असं लेकरांना होतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. महिनाभर ती सारखी पाणी पीत होती, रात्री दोन-तीनदा उठून माठाकडे जायची, मला वाटलं खेळून दमते म्हणून. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं आणि मी तिला रागावले, एवढी मोठी झालीस लाज नाही वाटत का म्हणाले. ते आठवलं की अजून घास उतरत नाही. मोरीत मुंग्या लागतात हे सासूबाईंनी पाहिलं होतं पण कुणाच्या डोक्यात आलं नाही. वजन २४ वरून २० वर आलं, फ्रॉक नुसता लोंबायचा. मग पोट दुखायला लागलं, उलट्या. गावातल्या डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ती धापा टाकायला लागली आणि तोंडाला कसला तरी गोडसर, पिकल्या फळासारखा वास. सोलापूरला नेलं तेव्हा शुगर ५१२, लघवीत कीटोन (इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारं आम्ल). ३ दिवस आयसीयू. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं अजून काही तास उशीर झाला असता तर अवघड होतं.

तिथंच कळलं की तिच्या शरीरानेच स्वतःच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्यात, गोड खाण्याचा, आमच्या सांभाळण्याचा काही संबंध नाही, आणि बाहेरून इन्सुलिन रोज द्यावं लागणार, कायम. "कायम" हा शब्द ऐकून नवरा उठून बाहेर गेला तो तासभर आला नाही.

घरी आलो तर दोन दिवसांवर गौरी. सासूबाईंनी मला मागच्या खोलीत नेऊन सांगितलं, पोरीची जात आहे, चारचौघांत बोलू नका, उद्या लग्नाच्या वेळी हेच आडवं येईल. मला तेव्हा ते पटलं हो. खोटं कशाला बोलू. शाळेत सांगितलं टायफॉइड झाला होता. तेव्हा तिला सकाळ-संध्याकाळ असं दोन वेळाच मिक्स इन्सुलिन होतं त्यामुळे शाळेत टोचायची वेळ यायची नाही आणि आमचं लपवणं जमून गेलं. दप्तराच्या आतल्या कप्प्यात साखरेची पुडी ठेवायची आणि तिला बजावायचं, गुपचूप खा, कुणी विचारलं तर सांग खोकल्याचं औषध आहे. ७ वर्षांच्या लेकराला मी हे शिकवलं.

जानेवारीत २६ तारखेच्या कवायतीची प्रॅक्टिस चालू होती. सकाळची थंडी, इन्सुलिन घेतलेलं, पोहे अर्धेच खाल्लेले. मैदानावर तिचे हातपाय थरथरायला लागले. साखर वर वर्गात, दप्तरात. सरांना सांगायचं नाही असं आईने बजावलेलं. ती रांगेत उभीच राहिली. मग खाली बसली, मग आडवी. सरांना वाटलं उपाशी आली असेल, झोप झाली नसेल, सावलीत नेऊन झोपवलं. त्यांची काय चूक, त्यांना काही माहीतच नव्हतं. तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने पळत जाऊन दप्तरातली पुडी आणली कारण तिने हिला ती खाताना पाहिलं होतं. साखर पोटात गेली तेव्हा ती अजून गिळू शकत होती म्हणून निभावलं.

त्या रात्री मी आणि नवरा ठरवून बसलो. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सगळं सांगितलं. पुण्याच्या लहान मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो, आता दिवसाला ४ इंजेक्शनं आहेत, रात्री एकदा लांब पल्ल्याचं आणि प्रत्येक जेवणाआधी जलद काम करणारं, जेवणात कर्ब (कार्बोहायड्रेट, म्हणजे पिष्ट आणि साखर) किती ते मोजून डोस. सुरुवातीला वाटलं दोनचे चार झाले, पण खरं सांगते आयुष्य सोपं झालं. आधी इन्सुलिनच्या घड्याळावर जेवावं लागायचं, आता ती जेवेल त्याप्रमाणे इन्सुलिन.

आता प्रश्न. डिसेंबरात शाळेची सहल आहे, नळदुर्गचा किल्ला, सकाळी ६ ला बस, रात्री ८ ला परत. तिला जायचंच आहे. नवरा म्हणतो पाठवायचं नाही, सासूबाई तर देवच पाण्यात घालून बसल्यात. कुणी असं पाठवलंय का? आणि दुसरं म्हणजे नातेवाईक, सोसायटीतल्या बायका यांना किती आणि कसं सांगायचं? अजूनही निम्म्या लोकांना माहीत नाहीये आणि प्रत्येक हळदीकुंकवाला माझ्या पोटात गोळा येतो.

निळीशाई | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

ताई, मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. पाठवा म्हणेन पण तयारीने. माझ्या वर्गात दोन वर्षांपूर्वी असा मुलगा होता. शिक्षक म्हणून आमची बाजू सांगते, आम्हाला भीती इंजेक्शनची वाटते. त्याच्या आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, मॅडम इंजेक्शन तुम्ही द्यायचं नाही, तुम्ही फक्त साखर द्यायची. माझा जीव भांड्यात पडला. एक कागद दिला होता मोठ्या अक्षरात, तो टेबलाच्या काचेखाली असायचा: हा थरथरला, घामाघूम झाला, अचानक चिडला, गप्प झाला किंवा वेड्यासारखं बोलायला लागला तर आधी साखर, मग फोन. एकट्याला घरी किंवा पाणी प्यायला पाठवायचं नाही, बरोबर कुणीतरी हवंच. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. बास. एवढं कुणालाही जमतं. दहा पानी फाइल दिली असती तर मी वाचली नसती.

आणि पाणी प्यायची, लघवीला जायची परवानगी त्याला कायमची होती, हात वर करायची गरज नाही. हे सुद्धा लिहून द्या, नाहीतर नवीन बाई आल्या की बसतं लेकरू दाबून.

वर्धेकर_बाबा | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:३५

माझा मुलगा १३ चा आहे, ५ वर्ष झाले. तुम्ही वजन, वास, धाप जे लिहिलं ना, सगळं तसंच्या तसं आमच्याकडे. आम्ही दमा समजून वाफारे देत बसलो होतो. हे वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगतो, लेकरू खूप पाणी पिऊन राहिलं, खूप लघवी करून राहिलं आणि वाळून राहिलं तर त्याच दिवशी बोटावरची शुगर बघा. मिनिटभराचं काम आहे.

सहलीला आम्ही त्याला सहावीपासून पाठवतो. शुगर बघायची मीटर दोन, एक त्याच्याजवळ एक सरांजवळ. साखर तीन ठिकाणी: खिशात, सॅकमध्ये, सरांच्या बॅगेत. तुमच्या कवायतीच्या वेळी तेच झालं, साखर वर आणि लेकरू खाली.

बार्शीला पण उन्हाळा कडक असतो म्हणून एक सांगतो. आमच्याकडे मे मध्ये लाइट गेली की फ्रिज बंद. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्री, हे सगळ्यांना माहीत असतं, पण बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवलं आणि गोठलं तर ते टाकूनच द्यावं लागतं, नंतर वितळून काही उपयोग नाही. मी मोठ्या कुंडीत ओली रेती भरून त्यात लहान मडकं बसवलं आहे, वर ओलं फडकं. कोरडी हवा असली की मस्त गार राहते. खोलीत ३८ होते तेव्हा माझ्या थर्मामीटरवर आत २८ दाखवत होता. चालू असलेलं इन्सुलिनचं पेन (पेनासारखं इंजेक्शन) त्यातच राहते, डबीत, पाणी लागणार नाही असं. उघडल्याची तारीख पेनवर लिहा, साधारण ४ आठवडे चालते, मग बदला.

खर्चाचं विचारलं नाही तुम्ही पण विचारायला लाजू नका. नागपूरचा ड्रीम ट्रस्ट, संभाजीनगरची उडान ही लोकं या लेकरांसाठीच काम करतात. आम्हाला पहिल्या वर्षी इन्सुलिनपेक्षा मीटरला लागणाऱ्या स्ट्रिपच्या खर्चानी घाम फोडला होता.

जुना_पेनवाला | १४ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

आज बालदिन आणि आजच जागतिक मधुमेह दिन, फ्रेडरिक बँटिंगचा वाढदिवस. १९२१ मध्ये टोरोंटोत त्याने आणि चार्ल्स बेस्टने इन्सुलिन शोधलं आणि जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी आपल्यासारखी पोरं काही महिन्यांत, फार तर वर्षा-दोन वर्षांत जायची. पेटंट त्यांनी विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला देऊन टाकलं. मी दरवर्षी आज सकाळचं इंजेक्शन घेताना त्या माणसाची आठवण काढतो.

मी "आपल्यासारखी" म्हणालो कारण मला १९८६ मध्ये, १० वर्षांचा असताना टाइप वन झाला. कोल्हापूर जिल्ह्यातलं खेडं. तेव्हा काचेची सिरिंज, स्टीलची सुई, आई रोज पहाटे दुधाच्या जुन्या पातेल्यात उकळायची. सुई बोथट झाली की वडील दगडावर घासून धार लावायचे. बोटावर शुगर बघायची सोयच नव्हती. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण ५ मिली, त्यात ८ थेंब लघवी, आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि विटकरी लाल म्हणजे भरपूर. ती सुद्धा मागच्या काही तासांची गोष्ट, त्या क्षणाची नव्हे.

आता जे सांगायला लिहायला बसलो ते सांगतो. नळी लाल झाली की वडिलांचा चेहरा पडायचा. ते ओरडायचे नाहीत, नुसते गप्प होऊन शेतावर निघून जायचे. मला ते बघवायचं नाही. मग मी काय करायला लागलो माहीत आहे, ८ च्या जागी ३ थेंब टाकायचो. नळी हिरवी यायची, वडील खूश. दोन वर्षं मी हे केलं. त्यात एकदा दवाखान्यात भरती झालो, तरी कुणाला कळलं नाही का झालो ते.

ताई, तुमच्या सासूबाईंनी जे लपवायला सांगितलं ते लग्नाच्या काळजीने, आणि मी लपवलं ते वडिलांच्या काळजीने. लपवण्याचं कारण नेहमी प्रेमच असतं हो, पण लो झालेल्या, म्हणजे शुगर फार खाली गेलेल्या पोराला त्याचा उपयोग नाही. माझी हात जोडून विनंती, मुलीची शुगर ३०० आली तरी "अरे देवा" म्हणू नका. "बरं, ३००, आता किती युनिट घ्यायचं बघू" एवढंच. चांगली शुगर वाईट शुगर हे शब्दच घरातून काढून टाका. जास्त आणि कमी. ती परीक्षेतल्या मार्कांसारखी झाली की पोरं कॉपी करतात, मी केली.

लग्नाचं म्हणाल तर माझं २००४ ला झालं. बघायच्या कार्यक्रमातच मी तिला बाहेर ओट्यावर बोलावून पेन काढून दाखवलं. दोन मुलं आहेत. डोळे, किडनी तपासण्या दरवर्षी करतो, आजवर ठीक आहेत. सासूबाईंना हे वाचून दाखवा.

शेंगाचटणी | १४ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

दादा, वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, दळण निवडत बसल्या. पण थेंबांचं ऐकून एकदम म्हणाल्या, "बिचारं पोर." मग थोड्या वेळाने विचारलं की त्यांच्या बायकोच्या घरच्यांनी काय म्हटलं.

मलाही कबूल करायचंय, मी "अरे देवा" म्हणते. मागच्या आठवड्यात तिने मीटर माझ्यापासून फिरवून धरला होता आणि मला वाटलं खेळतेय.

शुभचिंतक | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:५०

ताई इतक्या लहान मुलीला रोज ४ इंजेक्शन म्हणजे अत्याचार आहे. आमच्या ओळखीच्या मुलाला विजयसाराच्या पेल्यातलं पाणी, कारल्याचा रस आणि मधुनाशिनी चालू केलं, महिन्याभरात त्याचं इन्सुलिन अगदी २ युनिटवर आलं. केमिकल कंपन्यांच्या नादी लागू नका, हळूहळू बंद करता येतं. नंबर हवा असेल तर मेसेज करा.

रात्रपाळी | १४ नोव्हेंबर, रात्री ९:१५

शुभचिंतक, तुमचा हेतू चांगला असेल, पण हे इथं असं लिहिलेलं राहू देणं मला जमणार नाही. मी पुण्यात लहान मुलांच्या वॉर्डमध्ये नर्स आहे, १४ वर्षं. निदान झाल्यावर इन्सुलिन सुरू केलं की बऱ्याच मुलांमध्ये उरलेल्या थोड्या पेशींना विश्रांती मिळते आणि त्या काही आठवडे, काही महिने परत काम करतात. डोस एकदम कमी होतो. याला हनिमून काळ म्हणतात. नेमकं याच काळात कुणी काढा सुरू केला की सगळं श्रेय काढ्याला जातं. मग इन्सुलिन बंद करतात, त्या पेशी संपतात, आणि मूल माझ्या वॉर्डात येतं, धापा टाकत. काही वेळेवर येतात. एक आलं नव्हतं, त्याचे आईवडील मला अजून दिसतात.

कारलं भाजी म्हणून खुशाल खा. पण टाइप वनमध्ये इन्सुलिनला पर्याय नाही, एक दिवसही नाही. ताप आला, उलट्या होतायत, मूल जेवत नाहीये, तेव्हाही इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, उलट आजारपणात कधीकधी जास्त लागतं. अशा वेळी दर दोन-तीन तासांनी शुगर बघायची, लघवीत कीटोन बघायची पट्टी घरात ठेवायची, पाणी पाजत राहायचं आणि डॉक्टरांना फोन. कीटोन जास्त आले किंवा उलट्या थांबेनात तर वाट न बघता दवाखाना.

शेंगाचटणी ताई, जागा बदलून टोचताय ना? मुलं जिथं दुखत नाही तिथंच परत परत मागतात, मग तिथं चरबीची गाठ होते आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलंच जात नाही. शुगर विनाकारण वरखाली होतेय असं वाटलं की आधी मांडी, पोट हाताने चाचपून बघा.

शेंगाचटणी | १५ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

आत्ता चाचपलं. डाव्या मांडीवर आहे हो, शेंगदाण्याएवढं. तिला ती जागा आवडते कारण टीव्ही बघताना तीच बाजू माझ्याकडे असते. डॉक्टरांशी बोलले, तिथं आता बरेच दिवस द्यायचं नाही आणि नवीन जागी डोस पहिल्यांदा थोडा जपून.

@शुभचिंतक, रागावू नका, पण आमच्याकडे तो काढा एका पाहुण्यांनी ऑलरेडी आणून दिलाय. कपाटावर आहे.

कर्ब मोजण्याचं कुणीतरी मेसेजमध्ये विचारलंय म्हणून इथंच लिहिते. आमच्याकडे सगळे म्हणायचे ज्वारीची भाकरी कितीही द्या, भाकरीने शुगर वाढत नाही. वाढते. ज्वारी काय गहू काय, पिठात साधारण सत्तर टक्के कर्ब. मी आता कोरडं पीठ काट्यावर घेते, ४० ग्रॅमची एक भाकरी म्हणजे अंदाजे २८ ग्रॅम कर्ब. मळलेला उंडा मोजून उपयोग नाही, त्यात पाणी किती हे रोज वेगळं. साबुदाणा तर नुसता स्टार्च, आषाढीला खिचडी दिली आणि रात्रभर जागले. गंमत म्हणजे पुरणपोळीचा हिशेब एकदा जमला की ती सोपी, कारण दरवेळी तेवढंच पुरण भरते मी. आता हे काम सासूबाईंनी घेतलंय. त्या थापायच्या आधी काट्यावर पीठ ठेवतात आणि आकडा मोठ्याने ओरडतात, मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते.

थेम्सकाठी | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०० (भारतात रात्री १२:३०)

इंग्लंडहून लिहितेय, मूळ नाशिकची. मुलगा ११ वर्षांचा, ६ व्या वर्षी निदान. इथे अंगावर लावायचा शुगरचा सेन्सर आणि इन्सुलिनचा पंप एनएचएसकडून (इथली सरकारी आरोग्यसेवा) मिळतो, २०२४ पासून सेन्सर आणि पंप आपसात बोलून इन्सुलिन कमीजास्त करतात ती सिस्टीमही द्यायला सुरुवात झालीये. शाळेला कायद्यानेच अशा मुलांना मदत करावी लागते, लेखी प्लॅन असतो, दोन जणींना ट्रेनिंग दिलेलं आहे. हे सगळं तिथे प्रत्येकाला मिळायला हवं असं मला फार मनापासून वाटतं, आणि दर वेळी सुटीत नाशिकला आले की अपराधी वाटतं.

पण तरीही सांगते, माझा मुलगा मागच्या वर्षी पंप शर्टाखाली बांधून कोट उन्हाळ्यात सुद्धा काढेना. त्याला फुटबॉलच्या टीममध्ये वेगळं दिसायचं नव्हतं. मग त्याला अलेक्झांडर झ्वेरेव्हचं दाखवलं, ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकलेला टेनिसपटू, लहानपणापासून टाइप वन, मॅचमध्ये खुर्चीवर बसून इंजेक्शन घेतो. आणि त्याच्या आजोबांनी वसीम अक्रमचं सांगितलं, १९९७ मध्ये निदान झालं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं बॉलिंग टाकत राहिला, वन डेत ५०० च्या वर विकेट. आजोबांना अक्रमचं कौतुक करताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

नातेवाइकांना सांगायचं म्हणालात ना, मी लेकालाच विचारलं की कुणाला सांगू. त्याने यादी दिली. ती यादी मी ठरवली असती त्यापेक्षा मोठी निघाली.

निळीशाई | १६ नोव्हेंबर, सकाळी ८:००

हे फार आवडलं, मुलीलाच विचारा. आणि पुढचं म्हणून सांगते, सीबीएसईने २०१७ पासूनच बोर्डाच्या परीक्षेत टाइप वनच्या मुलांना साखरेच्या गोळ्या, फळ, खाऊ, पाण्याची बाटली आत नेऊ द्यायला सुरुवात केली आहे. कुठलंही बोर्ड असो, डॉक्टरांचं पत्र लावून अर्ज आधीच, वर्षाच्या सुरुवातीला द्यायचा. स्कॉलरशिपच्या परीक्षेपासूनच सवय लावा.

शेंगाचटणी | १६ नोव्हेंबर, रात्री १०:५०

विचारलं. ती म्हणाली, "वर्गात सगळ्यांना माहितीये आई, तुलाच वाटतं माहीत नाही." मैत्रिणीने जानेवारीतच सगळ्यांना सांगून टाकलंय. लो झालं की ती काय म्हणते ते सुद्धा वर्गाला पाठ आहे, "गुडघे पातळ झाले" म्हणते ती, आणि पोरं म्हणे लगेच ओरडतात, बाई हिचे गुडघे पातळ झाले.

सोसायटीत मी आज दोघींना सांगितलं. एक म्हणाली अरेरे. दुसरीने विचारलं की आमच्याकडे खेळायला आली तर साखर कुठं ठेवू. तिच्या दारात रडले मी.

सहलीचं नवऱ्याशी बोलणं चालू आहे.

शेंगाचटणी | ८ डिसेंबर, दुपारी २:१५

जाऊन आली. काल सगळे झोपलो म्हणून आज लिहितेय.

आधी बाई घरी येऊन गेल्या. मीटर स्वतः शिकल्या, स्वतःच्याच बोटाला टोचून. डॉक्टरांना फोन करून विचारलं, चालणं खूप आहे म्हणून त्यांनी सकाळचा डोस थोडा कमी करायला सांगितला आणि मध्ये एक जादा खाऊ. नवरा म्हणाला मी मोटरसायकलवरून बसच्या मागे जातो, त्यावर लेक इतकी रडली की शेवटी ठरलं, ते तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जातील आणि फोन घेऊन तिथंच थांबतील. नळदुर्ग तिथून तासाभराच्या आत आहे. दिवसभर बसले माणूस तिथं.

सकाळी शुगर १४२. किल्ल्यावर पोचल्यावर ११८, बिस्किटं खाल्ली. मग पोरं पाणी महाल बघून, उपळी बुरुजाच्या पायऱ्या चढून आली आणि वर गेल्यावर ही एकदम गप्प झाली. मैत्रिणीनेच ओळखलं. ६७. खिशातली पुडी, दोन चमचे साखर (तिच्या २५ किलो वजनाला ८-१० ग्रॅम पुरते म्हणाले होते डॉक्टर, मोठ्या माणसाला १५ लागते), बसून राहिली, बाईंनी घड्याळ लावलं, १५ मिनिटांनी ९६. मग थोडा खाऊ आणि परत खाली. चॉकलेट नाही दिलं, त्यातल्या तुपातेलाने साखर उशिरा चढते हे बाईंनीच बाकीच्या पोरांना समजावून सांगितलं म्हणे. सासूबाईंनी जाताना पदराच्या गाठीतली खडीसाखर दिली होती, ती विरघळायला वेळ लागतो म्हणून लोसाठी नाही वापरली, पण बसमध्ये सगळ्यांनी मिळून खाल्ली.

दुपारी डबा खाताना पेन तिने स्वतः टोचून घेतलं. बाईंनी डायलवरचा आकडा वाचला, हिने वाचला, दोघींचा जुळला मग टोचलं. संध्याकाळी भेळ झाली त्यामुळे घरी आली तेव्हा २३१. मी "बरं, २३१" म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं.

दिवसभर एवढं हुंदडलं की रात्री उशिरा परत लो होऊ शकतं म्हणून २ वाजता उठून बघितलं, ८८ होती, अर्धा कप दूध पाजलं झोपेतच. ३:३० ला १२१. मग मीही झोपले.

जुना_पेनवाला | ८ डिसेंबर, दुपारी ४:४०

वा. तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. माझे वडील पण असेच एसटी स्टँडवर बसून राहायचे, मी कॉलेजच्या ट्रिपला गेलो की. मला ते पुष्कळ वर्षांनी कळलं.

अनामिक_३०७ | ११ डिसेंबर, रात्री १२:५०

नमस्कार. धागा जुना झालाय पण लिहिते. कालच मुलाला घेऊन घरी आलो, ५ वर्षांचा आहे. टाइप वन. ६ दिवस दवाखान्यात होतो. सकाळचं इंजेक्शन मलाच द्यायचंय, बाटली आणि सिरिंज आहे, पेन नाही. दवाखान्यातल्या सिरिंज संपल्या म्हणून मिस्टरांनी संध्याकाळी मेडिकलमधून नवीन आणल्या, त्या वेगळ्या दिसतायत. झोप येत नाहीये. कुणी जागं आहे का?

शेंगाचटणी | ११ डिसेंबर, रात्री १२:५८

मी जागी आहे. दिवा लावा आणि आधी बाटली हातात घ्या. त्यावर ४० लिहिलंय का १०० (एका मिलीत किती युनिट ते) ते बघा. मग सिरिंजच्या टोपीचा रंग बघा, लाल आहे का नारिंगी? आपल्याकडे ४० च्या बाटलीला लाल टोपीची ४० ची सिरिंज आणि १०० च्या बाटलीला नारिंगी टोपीची १०० ची. सिरिंजवर सुद्धा आकडा छापलेला असतो, तो वाचाच. दोन्ही जुळले नाहीत तर डोस अडीच पट चुकतो, तसं अजिबात देऊ नका, सकाळी आधी डॉक्टरांना फोन करा आणि सिरिंज बदलून आणा.

आकडे बघून इथं लिहा. मी थांबते.

अनामिक_३०७ | ११ डिसेंबर, रात्री १:०४

बाटलीवर ४०. टोपी नारिंगी आहे.

शेंगाचटणी | ११ डिसेंबर, रात्री १:०५

मग ती सिरिंज बाजूला ठेवा, वेगळ्या डब्यात, म्हणजे सकाळच्या गडबडीत हातात येणार नाही. जिथं भरती होता त्या वॉर्डाचा नंबर डिस्चार्ज पेपरवर असेल, रात्री पण उचलतात, आत्ता लावा आणि सकाळी काय करायचं ते विचारून घ्या. तुमच्या गावात २४ तास चालू असलेलं मेडिकल आहे का? लाल टोपी, ४० लिहिलेलं, असं सांगून मिस्टरांना पाठवा. आत्ता त्याची शुगर किती आहे?